मोगरा, छज्जा आणि उन्हाचा हिशोब

हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर निदान एक तरी कुंडी अशी असते की तिच्यात पूर्वी काय लावलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. एक वाळकी काडी, चहाचा चोथा आणि पेनची दोन-चार टोपणं, एवढंच तिच्यात उरलेलं असतं. आमच्या खिडकीतली कुंडीही त्याच वाटेवर होती. ती वाचली आणि यंदा एप्रिलमध्ये तिच्यातल्या मोगऱ्याला फुलं आली. ती कशी आली, हे सांगण्यासाठी हा लेख. मित्रहो, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात बागकाम कुठून आलं म्हणून पान उलटू नका. यात आहे तो हिशोब, आणि तोही एफ.ई.च्या मुलाला जमेल एवढाच.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही एस.ई.ला असताना जुलैमध्ये मेसच्या मावशींनी मोगऱ्याचं एक रोप आणून दिलं. त्यांच्या अंगणातल्या झाडाची फांदी लावून त्यांनी ते स्वतः तयार केलं होतं. "लक्ष ठेवा रे पोरांनो, उन्हाळ्यात फुलं येतील," एवढंच म्हणाल्या. पुढचे दोन उन्हाळे पोळी वाढता वाढता त्या विचारायच्या, "फुलं आली का रे?" आणि आम्ही ताटात बघत म्हणायचो, "नाही अजून, मावशी." यंदा जानेवारीत कळलं की मे महिन्यात मावशी काम सोडून कायमच्या गावी जाणार. म्हणजे परीक्षेची तारीख लागली आणि आमचा सिलॅबस कोरा!

रोपाला नक्की काय कमी पडतंय?

रोप फुलत नाही म्हटलं की हॉस्टेलमध्ये प्रत्येक जण डॉक्टर होतो. पहिला म्हणतो पाणी कमी पडतंय. दुसरा म्हणतो खत घाला. आम्ही दोन्ही केलं. रोज बादलीभर पाणी ओतलं. खताच्या दुकानातून युरिया आणून घातला. परिणाम असा की पानं भरपूर आली, खालची पिवळी पडून गळली, आणि कळीचा पत्ता नाही.

इथे पहिली चूक समजून घ्या. खत म्हणजे झाडाचं जेवण नव्हे. ते फार तर जेवणातलं मीठ-मसाला. जेवण झाड स्वतः रांधतं आणि त्यासाठी चूल एकच, प्रकाश. १७७९ साली यान इंगेनहाऊझ या डच वैद्याने प्रयोगांतून दाखवलं की झाडाचे हिरवे भागच, आणि तेही उजेडात असतानाच, आज आपण ज्याला ऑक्सिजन म्हणतो तो वायू सोडतात. अंधारात ते काम थांबतं. चूलच पेटलेली नसेल तर मसाला कितीही टाका, भाजी शिजणार नाही.

फूल ही झाडाच्या दृष्टीने खर्चिक गोष्ट आहे. रोजच्या श्वसनाला लागणारी साखर वजा जाता जे शिल्लक राहील त्यातून नवी फांदी, मग कळी, मग फूल. शिल्लकच नसेल तर झाड जिवंत राहतं, हिरवंही दिसतं, पण फुलत नाही. आपल्यापैकी बरेच जण महिनाअखेरीला ज्या अवस्थेत असतात तीच ही.

ऊन कमी पडतंय हे ओळखायच्या खुणा अशा :

१. दोन पानांमधलं पेर लांब होतं. फांदी सडपातळ आणि लोंबकळणारी होते.
२. पानं मोठी पण पातळ येतात. कमी उजेड गोळा करायला झाड पानाचा पसारा वाढवतं.
३. सगळं रोप एका बाजूला झुकतं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे द्रव्य सावलीच्या बाजूला जास्त जमतं, ती बाजू जास्त वाढते आणि शेंडा उजेडाकडे वळतो.
४. कुंडीतली माती चार-चार दिवस ओली राहते. प्रकाश कमी म्हणजे पानांतून बाष्पही कमी जातं. अशा वेळी रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात आणि खालची पानं पिवळी पडतात.

आमच्या रोपात या चारही खुणा होत्या. आम्हाला मात्र ते 'मस्त वाढलेलं' वाटत होतं.

डोळ्यावर विश्वास ठेवू नका

"पण आमच्या खिडकीत तर भरपूर उजेड आहे!" हे वाक्य आम्ही दोन वर्षं म्हणत होतो. उजेड मोजायला आपला डोळा हे अत्यंत वाईट यंत्र आहे. बाहुली साधारण २ मि.मी.पासून ८ मि.मी.पर्यंत मोठी होते, म्हणजे तिचं क्षेत्रफळ १६ पट बदलतं. त्याशिवाय आतला पडदाही स्वतःला जुळवून घेतो. म्हणून दहापट फरक आपल्याला 'थोडा जास्त उजेड' एवढाच वाटतो. झाडाच्या पानाला अशी सोय नाही. दहावा हिस्सा प्रकाश आला तर त्याच्या हिशोबात तो दहावा हिस्साच.

इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेत इल्युमिनेशनच्या प्रॅक्टिकलला लक्समीटर असतो. सरांची परवानगी काढून तो एक दिवस फिरवला. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास. इमारतीच्या सावलीत, पण वर आकाश मोकळं असताना, दहा-पंधरा हजार. खिडकीच्या कट्ट्यावर छज्ज्याखाली सात हजार. आणि ज्या टेबलावर आम्ही ट्यूब लावून सबमिशन लिहितो तिथे जेमतेम तीनशे! खोलीत आल्यावर डोळ्याला मात्र 'चांगला उजेड' वाटतो.

लक्समीटर मिळाला नाही तर मोबाईलमध्ये प्रकाशाचा सेन्सर असतो, त्याचा आकडा दाखवणारी अॅप्स आहेत. आकडा नेमका नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. तेही नको असेल तर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर साधारण फूटभर उंचीवर हात धरा. बोटं वेगवेगळी ओळखू येतील अशी रेखीव सावली पडली तर ऊन कडक. सावलीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर मध्यम. सावली पडलीच नाही तर ती जागा मोगऱ्याची नाही.

वॉट आणि युनिट

आता एक महत्त्वाची गोष्ट. लक्स म्हणजे त्या क्षणाचा प्रकाश. झाडाला दिवसभराची बेरीज लागते. विजेच्या भाषेत सांगायचं तर लक्स हा वॉटसारखा आहे आणि बिल युनिटवर येतं. म्हणून लक्सला तासांनी गुणायचं आणि आलेल्या आकड्याला आपण 'लक्स-तास' म्हणायचं. काटेकोर शास्त्रात यासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे फोटॉन मोजतात, कारण लक्स हे एकक माणसाच्या डोळ्याला धरून बनवलेलं आहे. पण प्रकाशाचा स्रोत सगळीकडे सूर्यच असेल तर तुलनेपुरता लक्स चालतो.

एप्रिलमधल्या स्वच्छ दिवसाचा आमचा ढोबळ हिशोब असा :

अभ्यासाचं टेबल, ट्यूबखाली : ३०० × १२ तास = ३,६००
दक्षिणेच्या खिडकीचा कट्टा, छज्ज्याखाली : ७,००० × १० तास = ७०,०००
पूर्वेचा सायकल स्टँड : सकाळचं ऊन ६०,००० × ५ तास, अधिक दुपारची मोकळी सावली १०,००० × ६ तास = ३,६०,०००
गच्ची : ८०,००० × ६ तास, अधिक तिरपं ऊन ३०,००० × ५ तास = ६,३०,०००

सायकल स्टँडला एका दिवसात जेवढा प्रकाश मिळतो, तेवढा टेबलावरच्या ट्यूबखाली मिळवायला १,२०० तास लागतील, म्हणजे दिवसरात्र ट्यूब चालू ठेवून ५० दिवस. खोलीच्या कोपऱ्यात 'शोभेला' ठेवलेला मोगरा का मरतो याचं उत्तर यात आलं.

आणि आमचा कट्टा? सायकल स्टँडच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पण इथे एक कोडं होतं. आम्ही तो कट्टा डोळे मिटून निवडला नव्हता. ऊन बघूनच निवडला होता! डिसेंबरच्या थंडीत तिथे सकाळपासून दुपारपर्यंत छान ऊन असायचं. आम्ही स्वतः तिथे पाठ शेकत बसायचो. मग एप्रिलमध्ये ते ऊन गेलं कुठे?

सूर्य जागा बदलतो

शाळेत उत्तरायण-दक्षिणायन शिकलो, मार्क मिळवले आणि विसरलो. ते इथे कामाला आलं. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५° उत्तर. मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून किती वर असेल, त्याचं सूत्र सोपं आहे : ९० वजा अक्षांश, अधिक सूर्याची क्रांती. ही क्रांती २१ डिसेंबरच्या सुमारास उणे २३.४°, २१ मार्चला शून्य आणि २१ जूनला अधिक २३.४° असते.

२१ डिसेंबर : ९० − १८.५ − २३.४ = ४८.१°. सूर्य दक्षिणेला, बराच खाली.
२१ मार्च : ९० − १८.५ = ७१.५°. अजून दक्षिणेलाच, पण उंच.
२१ जून : ९० − १८.५ + २३.४ = ९४.९°. म्हणजे डोक्यावरून पलीकडे गेला! उत्तरेच्या बाजूने ८५.१°.

पटत नसेल तर गच्चीत एक मीटरची काठी उभी करा. मध्यान्हीला डिसेंबरमध्ये तिची सावली सुमारे ९० सें.मी. पडेल, मार्चमध्ये ३३ सें.मी., आणि जूनमध्ये (ढगांनी सूर्य दाखवला तर) जेमतेम ९ सें.मी., तीसुद्धा दक्षिणेकडे. मधे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला एक दिवस असा येतो की मध्यान्हीला सावली पायाशीच नाहीशी होते. तोच आपला शून्य सावलीचा दिवस. सुट्टीत घरी गेलात तर आपापला अक्षांश घाला : कोल्हापूर सुमारे १६.७°, नागपूर सुमारे २१.१°.

जाता जाता एक सूचना. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे इथे सूर्य सर्वांत वर येतो तो ऋतूनुसार साधारण १२ वाजून २० मिनिटं ते १२ वाजून ५० मिनिटं या दरम्यान.

छज्ज्याचं गणित

आता सिव्हिलवाल्यांचा भाग. आमच्या खिडकीवरचा छज्जा भिंतीपासून ६० सें.मी. पुढे आलेला आहे आणि छज्ज्यापासून कट्टा १२० सें.मी. खाली आहे. कुंडी धरून रोपाची उंची साधारण ६० सें.मी. म्हणजे रोप आणि कुंडी मिळून छज्ज्याखाली ६० ते १२० सें.मी.च्या पट्ट्यात बसतात. दक्षिणेच्या भिंतीवर मध्यान्हीला छज्ज्याची सावली किती खाली येते? ६० गुणिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन.

२१ डिसेंबर : ६० × टॅन ४८.१° = ६७ सें.मी. जवळजवळ सगळं रोप उन्हात.
फेब्रुवारीअखेर : ६० × टॅन ६३.५° = १२० सें.मी. मध्यान्हीला सावली बरोबर कट्ट्यापर्यंत. ऊन फक्त सकाळ-संध्याकाळ.
२१ मार्च : ६० × टॅन ७१.५° = १७९ सें.मी. सगळी खिडकी सावलीत.

आणि गंमत पुढेच आहे. २१ मार्चला ही १७९ सें.मी.ची सावली फक्त मध्यान्हीला नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेवढीच राहते, कारण त्या दिवशी दक्षिणेच्या भिंतीवरून पाहिलं तर सूर्याचा मार्ग दिवसभर एकाच तिरक्या प्रतलात असतो. त्यानंतर सूर्य आणखी उत्तरेकडे सरकतो. म्हणजे छज्ज्याच्या कडेने शिरणारी एखादी तिरीप सोडली तर २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत आमच्या खिडकीत थेट ऊन नाहीच!

बिल्डिंग डिझाइन करणाऱ्याने हे मुद्दाम केलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. हिवाळ्यात ऊब आत यावी, उन्हाळ्यात ऊन बाहेर राहावं, म्हणून तर छज्जा. माणसासाठी ती सोय आहे, मोगऱ्यासाठी उलटं. मोगरा हिवाळ्यात सुस्त असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी धरतो आणि त्या नव्या फांद्यांच्या टोकांना कळ्या येतात. त्याला उन्हाची खरी गरज मार्च ते जून. आमच्या खिडकीत ऊन यायची वेळ आणि मोगऱ्याची झोपायची वेळ एकच होती. झाड जागं होईपर्यंत ऊन निघून गेलेलं.

या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : कुंडीची जागा आज कुठे ऊन आहे ते बघून ठरवू नका. झाड ज्या महिन्यांत फुलतं त्या महिन्यांत ऊन कुठे असेल, ते बघून ठरवा.

ऊन जास्त झालं तर?

वर सगळा क्रम सरळ सांगितला, पण प्रत्यक्षात आम्ही मधे एक घोळ घातला. टी.ई.च्या मे महिन्यात दुसरा उन्हाळाही कोरडा गेल्यावर आम्ही ठरवलं, आता ऊन म्हणजे ऊनच! रेक्टर सरांकडून गच्चीची किल्ली मागितली आणि कुंडी थेट गच्चीच्या मधोमध नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी वर गेलो तर पानांवर पांढुरके-तपकिरी चट्टे, कडा करपलेल्या, शेंडे माना टाकून. एका दिवसात ७०,००० वरून ६,३०,०००, नऊपट. मेसमध्ये रोज तीन पोळ्या खाणाऱ्याला एकदम सत्तावीस वाढल्यासारखं झालं.

यात दोन वेगवेगळी नुकसानं आहेत आणि ती वेगवेगळी समजून घ्यायला हवीत.

पहिलं पानाचं. सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं, जास्तीच्या प्रकाशापासून बचाव करायची तयारी त्याच्यात कमी असते. एकदम कडक ऊन पडलं की हरितद्रव्यच नष्ट होतं आणि चट्टा पडतो. तो चट्टा पुन्हा हिरवा होत नाही. उन्हाला तोंड देणारं जाड पान नव्याने यावं लागतं, त्याला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. म्हणून जागा बदलायची ती हप्त्याहप्त्याने. पहिले तीन दिवस सकाळचा एक तास, पुढचे तीन दिवस दोन-अडीच तास, असं करत दहा-बारा दिवसांत पूर्ण उन्हात.

दुसरं मुळांचं. जमिनीतल्या झाडाची मुळं गार मातीत खोल जातात. कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नाही. आमची कुंडी काळ्या प्लॅस्टिकची. बाजूने ऊन, खालून तापलेली फरशी. माती चाळीस अंशांच्या घरात गेली की मुळांचं पाणी ओढायचं काम बिघडू लागतं. मग माती ओली असूनही झाड सुकलेलं दिसतं, आपण आणखी पाणी घालतो आणि त्याचा त्रास आणखी वाढवतो. उपाय साधे आहेत. मातीची कुंडी वापरा. तिच्या अंगातून पाणी झिरपून वाफ होतं आणि माठासारखी ती गार राहते. प्लॅस्टिकचीच असेल तर दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधे वाळू किंवा नारळाच्या शेंड्या भरा. फरशीवर थेट ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. पानांना ऊन हवं, कुंडीला नको, हे सूत्र.

इथेच सकाळ आणि दुपारचा फरकही येतो. पूर्वेचं नऊचं ऊन आणि पश्चिमेचं चारचं ऊन, दोन्हींचा प्रकाश जवळपास सारखा असू शकतो. पण सकाळी हवा गार आणि दमट असते, पान आपली रंध्रं उघडी ठेवून काम करतं. एप्रिलच्या दुपारी चारला हवा तापलेली आणि कोरडी. पाणी वाचवायला पान रंध्रं मिटून घेतं, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, ऊन नुसतं तापवतं. म्हणून कुंडीतल्या झाडाला पाच तास सकाळचे मिळाले तर ते पाच तास दुपारच्यापेक्षा केव्हाही बरे.

जागा निवडायची रीत

१. रविवारी सुट्टी बघून एक तक्ता करा. उभ्या रांगेत जागा : खिडकी, गॅलरीचा कठडा, जिन्याचा चौथरा, सायकल स्टँड, गच्ची. आडव्या रांगेत सकाळी ७ ते संध्याकाळी ६ असे तास. दर तासाला फेरी मारा आणि थेट ऊन असेल तिथे फुली करा. दिवसभरात बारा फेऱ्या होतात. पाळी लावून घेतली तर एकट्याला जड जात नाही.

२. तक्ता एकदा करून थांबू नका. डिसेंबर, मार्च आणि मे असा तीनदा करा. तेवढा वेळ नसेल तर वरचं सूत्र वापरून छज्जाची सावली काढा.

३. आपलं झाड कोणत्या गटातलं ते बघा. मोगरा, गुलाब, जास्वंद, बोगनवेल आणि तुळस यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतं. अनंत आणि तगर यांचं सकाळच्या तीन-चार तासांवरही भागतं. अबोली थोड्या सावलीतही फुलते. गॅलरीत ऊनच नसेल तर मोगऱ्याचा हट्ट सोडून अबोली लावावी. झाडाला जागेशी भांडायला लावू नये.

४. डासांची जाळी, धुळीने माखलेली काच, दोरीवर वाळत घातलेली पँट, या सगळ्यांचा हिशोब धरा. बाजारात मिळणारी ५० टक्क्यांची हिरवी जाळी नावाप्रमाणे निम्मं ऊन अडवते. गच्चीशिवाय दुसरी जागाच नसेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती ती बांधावी.

५. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा, म्हणजे रोप एका बाजूला कलत नाही. कळ्या धरल्यावर मात्र फिरवाफिरवी थांबवा.

६. पाणी उन्हाच्या हिशोबाने. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला. एकाच रोपाला सावलीत चार दिवसांनी आणि उन्हात रोज पाणी लागू शकतं. 'रोज एक मग' असा नियम नसतो.

मोगऱ्याचं वेळापत्रक

प्रकाश मुख्य, पण तो वेळेवर मिळाला तरच उपयोग. डिसेंबरअखेर पाणी कमी करून रोपाला दोन आठवडे ताण द्या. कुंडीतली माती पार कोरडी ठणठणीत होऊ देऊ नका. जानेवारीत साधारण तिसरा हिस्सा छाटा, वाळक्या आणि काडीसारख्या फांद्या काढून टाका. वरची दोन-तीन इंच माती बदलून चांगलं कुजलेलं शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. कुंडी उन्हाच्या जागी न्यायची तीही आताच, कारण जानेवारीचं ऊन कोवळं असतं आणि येणारी नवी पालवी त्या उन्हातच तयार होते. आम्ही मे महिन्यात नेली आणि पोळलो. जानेवारीत नेली असती तर दहा दिवसांचा तो हप्त्यांचा कार्यक्रमही फारसा लागला नसता. युरियाला हात लावू नका. नुसत्या नत्राने पानं माजतात. पहिला बहर संपला की शेंडे खुडा, नवी फूट येते आणि तिला पुन्हा कळ्या धरतात. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश आधीच कमी, तेव्हा कुंडी उघड्यावर ठेवा आणि तळाचं भोक बुजलेलं नाही ना, ते तपासा.

निकाल

यंदा जानेवारीत छाटणी करून आम्ही कुंडी सायकल स्टँडच्या पूर्वेच्या टोकाला, दोन विटांवर, मातीच्या नव्या कुंडीत ठेवली. सकाळी सव्वासातपासून सव्वाबारापर्यंत ऊन, मग हॉस्टेलच्या इमारतीची सावली. फेब्रुवारीत आखूड पेरांची, जाडसर पानांची फूट आली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्या कळ्या दिसल्या. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नऊ फुलं मोजली. ती स्टीलच्या वाटीत घालून मेसमध्ये नेली. मावशींनी वाटी हातात घेतली, एक फूल केसात खोवलं आणि बाकीची ओट्यावरच्या देवाच्या फोटोपुढे ठेवली. म्हणाल्या, "आमच्या अंगणातल्याला मागच्या आठवड्यात आली. तुमचा थोडा उशिरा उठला." बस्स, एवढंच. आम्हाला डिस्टिंक्शन मिळाल्यासारखं वाटलं.

आता राहिलं पुढच्या बॅचचं. आम्ही मे अखेर हॉस्टेल सोडतो आहोत, मावशीही जात आहेत. कुंडी मात्र इथेच राहील. सुट्टीत पाण्याची जबाबदारी वॉचमन मामांनी घेतली आहे. जूनमध्ये जे कुणी येतील त्यांना एकच विनंती. यंदा डिसेंबरमध्ये थंडी पडेल, दक्षिणेच्या खिडक्यांत सुरेख ऊन येईल आणि कुणाला तरी वाटेल, बिचारा मोगरा तिकडे सायकलींमध्ये गारठतोय, याला आपल्या खिडकीत आणू या. त्याला हा लेख वाचायला द्या आणि ६० × टॅन ७१.५° किती होतात ते विचारा.